तिसरी ओळ

सोमवार, ३ तारीख

ती. दादास,

ठकीचा नमस्कार. इकडे सगळे मजेत, तिकडे तुम्हीही मजेत असाल, असं लिहिण्याची आपल्या घरची पद्धत आहे म्हणून लिहिते. बाबा त्यातल्या त्यात बरे आहेत. मी बरी आहे. कारखान्याच्या छपराचा पत्रा वाऱ्याने पुन्हा उचकटलाय, तो मात्र बरा नाही.

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. फोन केला की तुझा चिटणीस उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. चुकून तू सापडलास तरी बोलतोस तूच. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, हा एक फायदा. बंगल्यावर यावं तर फाटकावरचा पहारेकरी दर वेळी "कोण आपण?" विचारतो. नगराध्यक्षांची सख्खी बहीण म्हटलं की माझ्या धुळीने भरलेल्या चपलांकडे बघतो. पोस्टमनला तो काही विचारत नाही.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे गेलं. डॉक्टर म्हणतात, आधी साखर उतरू दे. ते दिवसभर कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि नुसत्या छिन्नीच्या आवाजावरून माझ्या चुका काढतात. काल म्हणाले, "ठके, हात जड पडतोय. मनात काय आहे?" मी म्हटलं, छपराचा पत्रा. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

बँकेची पाटी झाली. शाळेच्या नव्या वर्गाचा दगड पॉलिशला आहे. खालच्या आळीत कावीळ अजून आहे, आम्ही पाणी उकळून पितो. समोरच्या शिंपीकाकांचं शटर अर्धंच वर असतं आणि आत दिवा नसतो. काकूंबद्दल आज लिहीत नाही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. परवा तुझा चिटणीस आला होता. स्टूल रुमालाने पुसून बसला. म्हणाला, "ताई, साहेबांचं एक छोटंसं काम आहे." पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रावर जो दगड आहे, तसाच दुसरा करायचा. तोच काळा दगड, तेच माप, तीच तारीख, तेवढंच मोठं तुझं नाव. फरक फक्त तिसऱ्या ओळीत. आत्ता तिथे 'शुद्ध पाणीपुरवठ्याचा शुभारंभ' आहे, त्याजागी 'इमारतीचे उद्घाटन' हवं. चौकशी समिती जागा बघायला जाण्याआधी माणसं येऊन दगड बदलून टाकतील.

"पहिल्या दगडात कारागिराची चूक झाली होती, ती आपण सुधारतोय असं समजा," तो म्हणाला. कारागीर म्हणजे मी.

मी पेपर वाचते, दादा. तू समितीपुढे काय सांगितलंस ते पहिल्या पानावर होतं. तू म्हणालास की तू फक्त पडदा ओढलास, दगडावर काय आहे ते तुलाही लोकांबरोबरच कळलं, मजकूर पाणीखात्याच्या इंजिनिअरने पाठवला होता. आत मशीन बसवलेलं नाही, नुसत्या भिंती आहेत आणि नदीचं पाणी जसंच्या तसं नळाला जातंय, हे तुला कोणी सांगितलंच नाही. त्या इंजिनिअरला घरी बसवलंय आणि आता अटक करतील म्हणतात. आयताच बळीचा बकरा मिळालाय.

चिटणिसाला मी नाही म्हटलं नाही. दगड आणून ठेवते, खुणाही करते, एवढं म्हटलं. पण बाबांचा नियम तुला माहीत आहे. दगडावर खुणा झाल्या की ज्याचा दगड त्याने यायचं, एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचं आणि 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय छिन्नी लागत नाही. एका मंत्र्यालाही बाबांनी धुळीत उभं करून वाचायला लावलं होतं आणि त्याचे पांढरे कपडे राखाडी होऊन गेले होते.

पहिला दगडही तू वाचला होतास. मला आठवतं. तुला आठवत नसेल तर दुसरा वाचायला ये, म्हणजे आठवेल. गुरुवारपर्यंत वाट बघते.

बाबांचा आशीर्वाद.

तुझी,
ठकी

&nbsp;

शनिवार, ८ तारीख

ती. दादास,

नमस्कार. तू आला नाहीस. गुरुवारी तुझ्याऐवजी टेम्पो आला.

त्यात खोक्यातलं कोरं करकरीत मशीन होतं, दगडावर अक्षरं कोरायचं, विजेवर चालणारं. चिटणीस म्हणाला, "साहेबांकडून भेट. ताईंचे हात दुखतात ना." हात दुखतात हे खरं आहे. थंडीत सकाळी मूठ वळत नाही. हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल, पण तुझ्या ते नेमकं याच आठवड्यात लक्षात आलं. मशीन परत पाठवलं. बाबांनी विचारलं कसला आवाज, तर टेम्पो रस्ता चुकला म्हणून सांगितलं.

जाताना चिटणीस म्हणाला, साहेबांना वेळ नाही, त्यांच्या वतीने मीच वाचतो. खिशातून चष्मासुद्धा काढला. मी म्हटलं, दगड तुमचा नाही. त्याने चष्मा पुन्हा खिशात घातला आणि गेला.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. चिटणीस आला त्याच्या आदल्याच दिवशी तो इंजिनिअर आला होता. नुकतं मिसरूड फुटल्यासारखा दिसतो अजून. खात्याची जीप काढून घेतली, म्हणून सायकलवर आला. म्हणाला, "ताई, मी पाठवलेला मजकूर तुम्हाला आठवतो का? मी 'इमारतीचे उद्घाटन' एवढंच लिहिलं होतं. माझ्याकडे प्रत राहिली नाही." मी त्याच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, एवढे दगड होतात, कुठलं लक्षात राहायला. तो बरं म्हणाला. पाणी मागितलं. भांडं हातात घेतल्यावर हळूच विचारलं, "उकळलेलं आहे ना?" आणि विचारल्याबद्दल त्यालाच लाज वाटली.

बाबा दारातच होते. जेवताना म्हणाले, "तुला आठवत नाही?" मी भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "तुझा दादा माझाच मुलगा आहे. दगडही माझ्या दुकानातला आहे." आणि आमटी मागितली.

मला सगळं आठवतं, दादा. निवडणूक तोंडावर होती आणि तू रोज कुठल्या ना कुठल्या दौऱ्यावर. समारंभ जवळ आला तरी तुला वाचायला यायला सवड नव्हती. म्हणून बाबांचा नियम मी पहिल्यांदा मोडला, तोही तुझ्यासाठी. भोवतीची वेलबुट्टीची चौकट कोरून घेतली, वरच्या दोन ओळी कोरल्या, खाली तुझं नाव ऐसपैस कोरलं. तिसरी ओळ तेवढी राहिली होती आणि तू आलास. दारातच नेहमीच्या तीन शिंका दिल्यास. धुळीने शिंका येतात म्हणून तू हा धंदा सोडलास आणि भाषणं द्यायला लागलास, असं बाबा अजून पाहुण्यांना सांगतात.

तू बोट ठेवून वाचलंस. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. म्हणालास, "ठके, हे फार रडकं वाटतंय. 'शुद्ध पाणीपुरवठ्याचा शुभारंभ' कर." मी विचारलं, मशीन बसलं का? तू म्हणालास, "बसेल गं. मतं काय इमारत बघून देतात का लोक?" मी म्हटलं, चौकट कोरून झाली आहे, एवढं लांबलचक मावायचं नाही. "कोंब ना. तुझ्या हाताला काय अशक्य आहे?" मग तू पुन्हा बोट ठेवून नवी ओळ वाचलीस, 'बरोबर' म्हणालास, आणि इंजिनिअरचा कागद खिशात घालून गेलास. मजकुराचा कागद गिऱ्हाइकाने परत न्यायचा, हीसुद्धा आपलीच पद्धत.

ती ओळ मी कोंबली. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली. उद्घाटनाला टाळ्या तुला मिळाल्या आणि हसं माझं झालं. अजूनही रिक्षात पाचवा माणूस बसवायचा असला की रिक्षावाले म्हणतात, "सरका जरा, ठकीची तिसरी ओळ." बापाच्या हाताखाली तयार झालेली, आणि नजर अशी चुकली, असं लोक माझ्या तोंडावर बोलले. मी एकदाही म्हटलं नाही की नजर चुकलेली नाही.

समितीचं बोलावणं आलंय. पुढच्या शुक्रवारी, नगरपालिकेच्या सभागृहात. तुझ्या वकिलाला ठाऊक असेलच. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याआधी एकदा ये. मशीन नको, माणूस नको, तू ये. समितीपुढे तू स्वतःच सांगितलंस तर मला जायची पाळी येणार नाही.

काकूंबद्दल याही पत्रात लिहायचं राहिलं.

तुझी,
ठकी

&nbsp;

शुक्रवार, १४ तारीख

दादा,

उद्या पेपरात येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून सभागृहातून आल्यावर एका दगडावर खुणा करून, हातसुद्धा न धुता लिहायला बसले आहे. कागदाला धूळ लागली तर शिंकशील, त्याला इलाज नाही.

मी सांगितलं. सगळं.

तू नव्हतास ते बरं झालं. तुझ्यासमोर मला बोलता आलं असतं का, खरंच माहीत नाही. निवृत्त न्यायाधीश बाई आहेत, बुटक्या, आवाज अगदी मऊ. समिती केंद्रावर जाऊन आली होती. बाईंनी बाकी काही न विचारता एवढंच विचारलं, "गावातले तुमचे बरेच दगड पाहिले. शाळेचा, बँकेचा, दवाखान्याचा. सगळे सुरेख आहेत. मग याच दगडाची ही एकच ओळ अशी दाटीवाटीने का?"

एक वाक्य पुरलं असतं. नजर चुकली, बाई. सगळ्या गावाने माना डोलावल्या असत्या आणि विषय संपला असता. जाताना वाटेत मी तेच वाक्य घोकत होते, तुला खोटं कशाला सांगू. तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं. चौकट आधी कोरली होती हे सांगितलं, मग ओळ कोणी बदलली, कशी बदलली, तू काय विचारलंस, मी काय विचारलं, तू काय म्हणालास. बाईंनी खडू मागवला. मी फरशीवर चौकट आखली आणि त्याच मापाच्या अक्षरांत 'इमारतीचे उद्घाटन' लिहिलं. दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली.

मग तुझा वकील उठला. "भावाबहिणीत वाटणीवरून काही वाद?" मी म्हटलं, वाटणी केव्हाच झाली, धूळ माझ्याकडे आली आणि माईक त्याच्याकडे गेला. लोक हसले. मला हसू आलं नाही. त्याने पुरावा मागितला. मी म्हटलं, कागद साहेबांच्या खिशात गेला, माझ्याकडे फक्त माझं सांगणं आहे.

जे माहीत नाही ते माहीत नाही असंच सांगितलं. मशीनचे पैसे कोणी खाल्ले ते मी पाहिलेलं नाही. तू खाल्लेस असं मी म्हटलेलं नाही आणि कोणी मला म्हणायला लावलंही नाही. ते समिती बघून घेईल. मशीन नाही हे तुला माहीत होतं, एवढंच मी सांगितलं. दुसरा दगड करायला सांगितला होतास, तेही सांगितलं. आणि इंजिनिअरला मला आठवत नाही म्हणाले होते, ते खोटं होतं, हेही तिथेच सांगितलं. तो मागच्या बाकावर बसला होता. सुटल्यावर जवळ आला. नुसती मान हलवली आणि सायकलचं कुलूप काढायला गेला.

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून रडले. तुझा राग येतो, दादा. तुझी काळजीही वाटते. आणि तुझी आठवण येते, म्हणजे बंगल्यातल्या तुझी नाही, चौकटीच्या कोपऱ्यात वेलीचं शेवटचं पान मला कोरू द्यायचास, त्या तुझी. ते पान मी बिघडवलं की बाबांना "माझ्याकडून झालं" म्हणून सांगायचास. सभागृहात ते सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

आता काकूंबद्दल.

त्या काविळीने गेल्या त्या दिवशी तू आला होतास. गाडी आळीच्या तोंडाशी सोडून चालत आलास आणि काकांच्या गळ्यात पडून रडलास. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी कोणालाही सांगेन. तुझ्या पहिल्या भाषणाचा सदरा काकूंनी शिवला होता. त्याची कॉलर तीनदा उसवून पुन्हा लावली, कारण तुझी मान बारीक. तू निवडून आलास तेव्हा त्या गल्लीत सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या की त्या मानेला आता हार पेलत नसतील. पण तू गेल्यावर काका मला जे म्हणाले ते तुला माहीत नाही, आणि तेच मला लिहवत नव्हतं.

आपण सगळे पाणी उकळून प्यायचो. काकूही. केंद्राचं उद्घाटन झालं त्या दिवशी त्या घरी आल्या आणि पाणी उकळायचं मोठं पातेलं माळ्यावर ठेवून दिलं. काका म्हणाले, चार दिवस थांब. तर म्हणाल्या, "आपल्या पोराने दगडावर लिहून दिलंय. आता कशाला गॅस जाळायचा?"

शेवटपर्यंत त्यांनी पाणी उकळलं नाही. तू म्हणालास म्हणून नाही हं, सभेत नेते काय वाटेल ते बोलतात हे त्यांनाही कळत होतं. दगडावर होतं म्हणून. ते शब्द तुझे होते आणि अक्षरं माझी. तू मला 'कोंब' म्हणालास आणि मी कोंबलं, हे काही माझ्याने आता पुसलं जाणार नाही. तुझ्यानेही नाही.

सभागृहात हे मी सांगितलं नाही. ते समितीचं काम नव्हतं. काका मागे बसले होते, गळ्यात सवयीने टेप तसाच. त्यांनी सांगायला लावलं असतं तर सांगितलं असतं. सुटल्यावर ते माझ्याबरोबर चालत कारखान्यापर्यंत आले आणि म्हणाले, "ठके, आता तिचा दगड घे करायला." खालच्या आळीतल्या सार्वजनिक नळाजवळ बसवायचा आहे. वर काकूंचं नाव. खाली एकच ओळ हवी म्हणाले. मला वाटलं 'प्रेमळ स्मृतीस' वगैरे सांगतील. म्हणाले, लिही, 'पाणी उकळून प्या.'

ओळ छोटी आहे. या वेळी जागा भरपूर आहे.

तू मागितलेल्या दुसऱ्या दगडासाठी जो काळा दगड आणला होता, त्याचाच करते आहे. खुणा आत्ता झाल्या. चौकट कोरलेली नाही, एकही अक्षर कोरलेलं नाही. मी काकांना म्हटलं, आता तुम्ही बोट ठेवून वाचा. त्यांनी मान हलवली. "मी नाही. तिचा मोठा मुलगा वाचेल. ती त्याला मुलगाच म्हणायची." रागाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. साधेपणाने म्हणाले.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. मीच घेऊन येते आणि फाटकावर देते. पहारेकऱ्याने "कोण आपण?" विचारलं तर या वेळी कारागीर म्हणून सांगेन.

नगराध्यक्ष राहशील की नाही ते समिती आणि लोक ठरवतील. त्यात मी बोलायचं ते बोलून झालं. पण हा दगड तुझ्याशिवाय पुढे सरकत नाही. एकटा ये. चिटणिसाला आणू नकोस, वकिलाला तर मुळीच नको. समोरच्या शटरखालून काका बघत असतील, तरी ये. बोट ठेवून मोठ्याने वाच, बाबांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. शिंक आली तर शिंक.

बाबांनी मघाशी विचारलं, तो येतोय का? मी 'हो' म्हणून सांगितलंय. सकाळपासून दिवसभर खरं बोलले, एवढं एकच असं आहे की ते अजून खरं झालेलं नाही. मला खोटी पाडू नकोस.

तुझीच,
ठकी